गुणवंता ड्रेसरचा चिमटा

पांढुर्ण्यात गुणवंताला सारे भीत. मारकुटा होता म्हणून नव्हे, दवाखान्यात ड्रेसर होता म्हणून. जखम दिसली की रोज सकाळी उघडायची, धुवायची, पुन्हा बांधायची, हा त्याचा बावीस वर्षांचा नेम. देवीदासचा अंगठा बरा होऊन महिना झाला तरी पट्टी बदलणं चालूच. शेवटी देवीदास त्याला पाहून गल्ली बदलू लागला.

सत्त्याऐंशीच्या थंडीत बंबातलं उकळतं पाणी गुणवंताच्या बायकोच्याच, इंदूच्या पायावर सांडलं, आणि गल्लीचं हसू आटलं. रोज सकाळी तो चिकटलेली पट्टी ओढी. रात्रभरात जे काही भरलेलं असे, ते पट्टीसोबत निघून येई. इंदू पदर दातात धरी. तीन आठवडे झाले, पोटरी तशीच लाल.

डॉक्टर म्हणाले, "आणखी दहा दिवस पाहू. नाहीतर नागपूरले ने. पाय राहीलच, असं सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या कॉलेजातला भाचा हेमंत आला. बरणीत ओल्या, पातळ सायीसारखे दोन तुकडे.

"मामा, लोणच्याच्या सिरक्यावर साय धरते ना, तेच हे. बारीक जंतू विणतात."

"जंतू मारता मारता माही उमर गेली, अन् तू मामीले जंतूचं कापड नेसवतं?"

"जंतू उकळून मेले, कापड राहिलं. आमच्याकडे अजून तपासूनच राहिले. पण एकदा लावलं की काढायचं नाही. खाली कातडी आली की आपणच सुटते. अन् तिसरा तुकडा नाही, मामा."

डॉक्टरांनी होकार दिला. तुकडा लागला आणि इंदू त्या रात्री झोपली.

तिसऱ्या सकाळी, चहाच्या आधी, गुणवंताच्या हाताने आपला नेम पाळला. इंदू किंचाळली तेव्हा निम्मा तुकडा चिमट्यात होता, आणि त्याला चिकटलेली कोवळी गुलाबी कातडीही.

"अवो, काय केलं तुमी?" एवढंच ती बोलली. मग भिंतीकडे तोंड करून पडली.

बरणीतला दुसरा तुकडा लावून गुणवंता शेजारच्या शांताबाईकडे गेला. "हा चिमटा डाळीच्या डब्यात लपवा. मागितला तरी देऊ नका."

त्यानंतर चौथ्या दिवशी तोच तिच्या दारात. "खालून पिवळं दिसून राहिलं, शांताबाई. पू असला तर? एक डाव द्या. फक्त कोपरा पाहातो."

"कोपरा? देवीदासचा अंगठा विसरले का बावा?"

"तिचा पाय जाईन वो!"

"तुमच्या हातानं आदी जाईन. डॉक्टरले बलवा."

डॉक्टर आले, वास घेतला, वाकून पाहिलं. "पू नाही. कडेनं धरलंय. मधलं काही सांगता येत नाही. आठ दिवस थांब. हात लावलास तर माझ्याकडे येऊ नको."

आठ दिवस! गुणवंताने पेटीतून नवी पट्टी काढली, आपल्याच धडधाकट हातांवर गुंडाळली, आणि दोन्ही हात इंदूपुढे धरले.

"गाठ तू मार," तो म्हणाला. "माह्यावर भरोसा नाही."

इंदूने गाठ मारली. घट्ट.