ड्रॉइंग बोर्ड निघाले तो दिवस

दवाखान्यात माझ्या नंबरची वाट बघत बसले असताना फरशी पुसणाऱ्या बाईच्या बादलीतून अमोनियाचा उग्र वास आला आणि मला चिकलठाण्याच्या कारखान्यातलं आमचं ड्रॉइंग ऑफिस आठवलं. तिथं नकाशांच्या प्रती अमोनियावर निघायच्या, त्यामुळं डोळे कायम चुरचुरायचे. मी ट्रेसर, म्हणजे मूळ नकाशे पारदर्शक कागदावर गिरवणारी होते आणि उस्मानपुऱ्याचे रशीदभाई आमचे हेड ड्राफ्ट्समन. कारखान्यातला प्रत्येक साचा आधी त्यांच्या पेन्सिलीतून कागदावर उतरायचा.

संगणक आले त्या सकाळी हमाल लाकडी बोर्ड एकेक करून बाहेर नेत होते. रशीदभाई आपल्या बोर्डावर तळहात टेकून उभे होते. "चाचा, जरा सरका," हमाल म्हणाला, तसे ते बाजूला झाले.

"तुम्ही शिकताल की भाई," मी म्हणाले.

"शिकलो बी असतो, ताई. पण साहेबानं शिकायला पोरांनाच बोलावलंय. माझी उमर झाली म्हणे."

मला तेव्हा मनापासून वाटलं, एवढा हुशार माणूस, कुठंही काम मिळेल. मिळालं नाही. भेटायला गेलं की ते भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे. त्यातच गेले.

माझा मुलगा बिडकीनला संगणकावर असेच नकाशे काढायचा. गेल्या आठवड्यात तो भरदुपारी घरी आला.

"आता मशीनच काढतंय, आई. उद्यापासून येऊ नका म्हणाले."

मी त्याला जेवायला वाढलं. दुसरीकडं मिळेल, असं म्हणायला तोंड उघडलं, पण त्याच्या ताटात आणखी एक भाकरी तेवढी वाढली.