सात इंची चाकं

ताई बँकेतून निवृत्त झाली तेव्हा आम्हाला वाटलं होतं, आता ती लेकाकडे पुण्याला जाईल. ती गेली नाही. तिनं गाडी घेतली. दोन सीटांची, छत मागे दुमडता येणारी, जमिनीला पोट टेकल्यासारखी बुटकी विदेशी स्पोर्ट्स कार, वयानं ताईपेक्षा थोडीच लहान. जालन्यातल्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या घराण्यानं ती कधीकाळी हौसेनं आणली होती. पुढची पिढी बाहेरगावी गेली आणि गाडी सरकीच्या गोदामात ताडपत्रीखाली पडून राहिली. त्या घराण्याचं खातं ताईच्या बँकेत, त्यामुळे जुनी ओळख. गोदाम रिकामं करायची वेळ आली तेव्हा ताईनं सहज विचारलं आणि ते हो म्हणाले. मिस्त्रीनं ती चालती करायला बरेच महिने घेतले, पण चालती केली. रंग मोतिया, आतल्या सीटा तपकिरी.

जालन्यातच मस्तगडला ताईचं घर, दुकानांच्या वर. तिथं गाडी लावायला जागा नाही, म्हणून ती नवीन जालन्यात आमच्या अंगणात उभी राहू लागली. दर रविवारी सकाळी ताई रिक्षानं यायची, चहा प्यायची, आणि मग आम्ही दोघी राजूरच्या रस्त्यानं हसनाबादला निघायचो. तिथं दादा, आमचा थोरला भाऊ, शेती बघतो. मला गाडी चालवता येत नाही. मी शाळेत गणित शिकवते, आणि त्या गाडीत माझं काम शेजारी बसायचं.

पहिल्यांदा आम्ही वाड्यापाशी, म्हणजे जिथं पूर्वी गुरं बांधायचे त्या जागेपाशी, गाडी उभी केली तेव्हा दादा कमरेवर हात ठेवून बघतच राहिला.

"बाई, ही गाडी हाय का चप्पल?"

"बसून तं बघ," ताई म्हणाली.

दादा बसला. त्याचे गुडघे पार छातीला लागले. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती. ताईनं त्याला मारुतीच्या देवळापर्यंत नेऊन आणलं. उतरल्यावर तो दिवसभर येईल त्याला ते सांगत होता.

पण मला आठवतं ते जाण्या-येण्याचं बोलणं. छत उघडं, कानात वारा, त्यामुळे ओरडूनच बोलावं लागायचं. घरी ताई हळू बोलणारी, मोजकं बोलणारी. तिचे यजमान, आमचे भावजी, गेल्यापासून तर जास्तच. त्या गाडीत मात्र ती स्टेअरिंगवर हात ठेवून, पुढे बघत, काहीही बोलायची. एकदा म्हणाली की भावजी गेले त्या वर्षी ती बँकेत जेवणाचा डबा सगळ्यांबरोबर खायची नाही. रेकॉर्डच्या खोलीत जाऊन एकटीच खायची, कारण बाकीच्या बायका तिच्या डब्यात काय आहे ते बघायच्या. "भाजी चांगली केली तं त्यांना वाटायचं, हिला बराबर भूक लागून राह्यली. नुसती चटणी-भाकर आणली तं कीव करायच्या. मंग मी आतच बसायची." इतकी वर्षं आम्ही एका गावात राहतो, मला हे माहीत नव्हतं. आणि सांगताना ती हसत होती, एका बैलगाडीला हात दाखवून गाडी पुढे काढत होती.

गाडीची चाकं बारीक होती. मूळची तशीच. एकदा पेट्रोल पंपावर एक जण मोटरसायकलवरून म्हणाला, "मॅडम, हिला रिक्षाचे टायर बसवले का?" आजूबाजूचे हसले. ताईही हसली. पण घरी आल्यावर ती गाडीच्या समोर जाऊन उभी राहिली, थोडी वाकली.

"खरंच गं. अंग एवढं आणि पाय काडीसारखे."

मी म्हणाले, "मला तं छान दिसतात." पण मलाही ते एकदा दिसल्यावर पुन्हा पुन्हा दिसायला लागलं.

मग ताई फोनवर शोधायला लागली. अशाच गाड्या सांभाळणाऱ्या लोकांचा एक गट होता, त्यात तिला पुण्यातल्या एका गृहस्थांनी चार चाकांचा संच देऊ केला. व्यास तोच तेरा इंच, पण रुंदी सात इंच. ट्रान्सपोर्टनं ती चाकं आली, गोणपाटात गुंडाळलेली. आम्ही दोघींनी ती अंगणात उघडली. चकचकीत, खोल, मधे चार जाड आरे. ताईनं एकावर हात फिरवला आणि म्हणाली, "आता टायर तू सांग. हिशेब तुझा."

मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. शाळेत मी मुलांना परीघ शिकवते, पण मला स्वतःला कधी कशाचा परीघ काढायची गरज पडली नव्हती. टायरच्या अंगावर आकडे लिहिलेले असतात ते मी पहिल्यांदा नीट वाचले. जुन्या टायरवर होतं १६५, मग ८०, मग १३. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची उंची आहे ते. तिसरा चाकाचा व्यास, तो मात्र इंचात. एकाच ओळीत तीन मापं तीन तऱ्हेची. मी ताईला म्हणाले, माझ्या पोरांनी असं लिहिलं असतं तर मी पेपरवर लाल रेघ मारली असती.

रुंद चाकाला रुंद टायर लागतो. पण टायर रुंद केला की उंचीही वाढते, म्हणून टक्के कमी करावे लागतात, म्हणजे एकूण गोल तेवढाच राहतो. नाहीतर वेगाचा काटा खोटं बोलायला लागतो. नवीन जालन्यातल्या टायरच्या दुकानात आम्ही दोघी गेलो. दुकानदार मोठा उत्साही माणूस. ट्रॅक्टरचे आणि ट्रकचे टायर विकून कंटाळलेला असावा. त्यानं खुर्च्या मागवल्या, चहा मागवला.

"ताई, १८५ आणि ७० देतो. उद्या हातात."

मी हिशेब केला. गोल जवळजवळ जुन्याएवढाच येत होता. पण सात इंचाच्या चाकावर तो टायर ताणून बसला असता, कडा बाहेर आणि रबर आत. दुकानदारानं तक्ता काढून बघितला आणि मान हलवली. २१५ चा विचार केला तर तो मडगार्डला घासणार हे अंगणात पट्टी लावून आम्हाला कळलंच होतं. शेवटी राहिला २०५, साठ टक्क्यांचा. चाकाला नेमका. गोल थोडा लहान, गाडी बोटभरसुद्धा नाही एवढी खाली येणार, आणि साठनं चाललो तर काटा बासष्टच्या आसपास दाखवणार.

"म्हणजे मी हळू चालवून राह्यले आणि मला वाटणार जल्दी चालवते," ताई म्हणाली. "चांगलंच हाय की."

दुकानदार म्हणाला, मागवावे लागतील. आम्ही म्हणालो, मागवा. त्या दुपारी आम्ही तिघांनी सगळं मोजलं. चाक मोजलं, टायर मोजला, मडगार्डची फट मोजली. स्टेअरिंग फिरवणाऱ्या हातांचा विषय तिघांपैकी कुणाच्याही तोंडी आला नाही.

टायर बसले तेव्हा गाडी ओळखू येईना. एकदम रुबाबदार, पाय फाकवून उभी. दुकानासमोर लोक थांबून फोटो काढत होते. ताईनं गॉगल लावून त्यातल्या कुणाकुणाबरोबर फोटो काढू दिला, जे तिनं एरवी कधीच केलं नसतं. जुनी चाकं आम्ही पुढच्याच रविवारी दादाच्या पिकअपमधून हसनाबादला पाठवून दिली. अंगणात अडचण होत होती, आणि दादाला काहीतरी करायचं होतं त्यांचं.

पहिला त्रास मस्तगडच्या गल्लीत झाला. ताईला कुणाला तरी गाडी दाखवायची होती म्हणून ती घरी घेऊन गेली. तिथं वळवताना गाडी जागच्या जागी होती आणि रुंद टायरांमुळे स्टेअरिंग फिरेना. ताईनं दोन्ही हातांनी ओढलं, जवळजवळ उभी राहून ओढलं. फिरलं. ती म्हणाली, "नवीन हाय, होईल सवय." चालत्या गाडीत एवढं जाणवायचं नाही. पण गतिरोधक आला आणि आम्ही दोघी बसलेल्या असलो की मागून घासल्याचा आवाज यायचा, आणि रस्त्यात चाकोरी पडलेली असली की गाडी आपली आपणच तिकडे ओढ घ्यायची. ताई स्टेअरिंग घट्ट धरून बसायची. बोलणं कमी झालं. मी काही विचारलं तर ती "हं" म्हणायची, नजर रस्त्यावर.

एका रविवारी राजूरला गणपतीच्या देवळापाशी आम्ही प्रसादाचे पेढे घ्यायला थांबलो. चतुर्थी नव्हती, तरी गर्दी होती. निघताना गाडी वळवायची होती. ताईनं निम्मी वळवली आणि मधेच थांबली. गाडी रस्त्यात आडवी. एकीकडून उसाचा ट्रॅक्टर, दुसरीकडून एसटी. हॉर्न सुरू झाले. मी बघितलं तर तिचा उजवा हात स्टेअरिंगवरून खाली आलेला आणि तिनं खांदा डाव्या हातानं धरलेला.

"ताई, काय झालं?"

"काही न्हाई. थांब जरा."

एक माणूस पुढे आला, चांगल्या घरचा, बोलायला नम्र. "मावशी, सरका तिकडं. मी काढून देतो." ताईनं त्याच्याकडे बघितलं. मग उतरली, गाडीच्या पुढून चालत माझ्या बाजूला आली. मीही उतरले. आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो आणि त्या माणसानं गाडी सरळ करून लावून दिली. त्यालाही जोर लावावा लागला, मानेवरच्या शिरा दिसत होत्या. किल्ली देताना तो म्हणाला, "लई जड हाय हो ही. बायामाणसाचं काम न्हाई." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं.

ताईनं पुढे हसनाबादपर्यंत गाडी नेली आणि परतही आणली. जेवताना दादानं विचारलं, आज गप गप का? ती म्हणाली, ऊन लागलं.

त्यानंतर मी दादाला बाजूला घेऊन जुन्या चाकांचं विचारलं. त्यानं मोठ्या कौतुकानं मागे नेऊन दाखवलं. पाण्याची टाकी ओढायला त्यानं एक छोटी ट्रॉली करून घेतली होती, आणि ती त्या चाकांवर उभी होती. चाकांचा मधला भाग कापून तिथं जाड पट्टी वेल्डिंग केलेली. "एकदम हलकी फिरते," तो म्हणाला. मी चांगली झाली म्हणाले.

नंतर प्रयत्न केले नाहीत असं नाही. त्या गटातल्या लोकांना विचारलं, मूळ चाकांचा संच कुणाकडे सुटा नव्हता. शहरातला एक मिस्त्री म्हणाला, विजेवर चालणारं पॉवर स्टेअरिंग बसवू, पण पुढचा भाग कापावा लागेल. ताई म्हणाली, "बिलकुल न्हाई. एवढं जपलं ते काय कापायला?" डॉक्टरांनी खांदा आखडलाय म्हणून सांगितलं, व्यायाम दिले. रविवारी ती येत राहिली. चहा प्यायची, गाडी सुरू करून थोडा वेळ इंजिन गरम होऊ द्यायची, मग बंद करायची. मग कधी ऊन, कधी रस्त्याचं काम, कधी पाहुणे. हसनाबादला आम्ही माझ्या नवऱ्याच्या गाडीनं जायला लागलो, काचा बंद करून, तो आणि ताई बाजारभावावर बोलत.

मधे मी एकदा म्हणाले, "ताई, आपण ती चाकं घ्यायलाच नको होती."

ती म्हणाली, "मीच घेतली ना. तू तं फक्त आकडे केले. आणि आकडे बराबर होते तुझे."

बरोबरच होते. आजही ते करून बघितले तर बरोबरच येतात.

लेक पुण्याहून आला तो तिला घेऊन जायच्या तयारीनंच. खांद्याचा इलाज तिकडे चांगला होईल, एकटं राहणं आता पुरे. गाडीला गिऱ्हाईकही त्यानंच बघितलं. नाशिककडचे एक गृहस्थ होते, जुन्या गाड्यांचे शौकीन. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकले आणि म्हणाले, "सगळं छान ठेवलंय. माझ्याकडे हिच्या मूळ चाकांचा संच आहे, तेवढा बदलून टाकीन."

ताईनं फक्त विचारलं, "बारीक?"

"हो, बारीक. चालवायला तीच बरी."

"चालवायला तीच बरी," ताई म्हणाली आणि आत चहा टाकायला गेली. माझं स्वयंपाकघर असून मी मागे गेले नाही. गाडी ट्रकवर चढवताना ती बाहेर आली, ट्रकवाल्याला दोर कुठे बांधायचा ते सांगितलं.

गेल्या दिवाळीत ताई आली होती. खांदा आता पुष्कळ सुटलाय, हात वर जातो. मी मुद्दाम नवऱ्याच्या गाडीची किल्ली तिच्या हातात दिली. "हिचं स्टेअरिंग एका बोटानं फिरतं. चल, तू चालव हसनाबादला." ती बसली, आरसा लावला, गाडी बाहेर काढली. रस्त्याला लागल्यावर मी वाट बघत होते की ती आता काहीतरी बोलेल. एसीचा आवाज तेवढा येत होता. गाव संपतं तिथं तिनं गाडी बाजूला घेतली आणि मागे बसलेल्या माझ्या नवऱ्याला म्हणाली, "तुम्हीच घ्या हो. मला हिच्यात रस्ताच कळंना."

आम्ही दोघी मागे येऊन बसलो. राजूर यायच्या आधीच तिला झोप लागली. तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, मी ते तसंच राहू दिलं.