पायी चालू न देणारं गाव

"वजन उतरल्याशिवाय गुडघ्याचं ऑपरेशन नाही म्हणतात डॉक्टर, आणि हे खुर्चीतून उठत नाहीत," वहिनीचा फोन आला आणि मला पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये बसवेना. वहिनीचा नवरा दत्तू माझा मामेभाऊ. मे महिन्याच्या सुट्टीत कॉन्व्हेंटचे बूट काढून मी त्याच्यामागे शेतातल्या विहिरीपर्यंत धावायचे. तो कधी हाती लागला नाही.

निगडीहून चाकणची बस घ्या, पण भल्या सकाळी. मी नऊला निघाले आणि तळेगाव चौकात कंटेनरांमागे पाऊण तास अडकले. पुढे गावापर्यंत वडापच्या जीपचे वीस रुपये.

दत्तूची निम्मी जमीन कारखान्यांत गेली. पैशातून कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्या. आता दिवसभर फाटकाशी खुर्ची, हातात मोबाइल. शेताला पाणी द्यायचं तर बटण दाबायचं, शेत बघायचं तर गाडी काढायची.

"चल, विहिरीपर्यंत जाऊ," मी म्हटलं. जेमतेम किलोमीटर.

शंभर पावलं झाली नसतील, एक मोटारसायकल थांबली.

"दत्तूनाना, गाडी बंद पडली का? बसा की!"

"न्हाई रे, चालतोय."

"चालताय? घरात भांडण झालं का काय?"

मग दुसरा थांबला, तिसरा थांबला. इथे पायी दिसलेल्या माणसाला गाडीवर न घेणं उद्धटपणाचं, आणि नको म्हणणं त्याहून वाईट. चौथ्याच्या मागे दत्तू बसलाच. "आक्का, त्येला वाईट वाटतं गं!" मी रस्त्यात एकटी, चरफडत.

दुसऱ्या सकाळी मी त्याला कांद्याच्या वाफ्यांमधल्या बांधावरून नेलं. तिथे गाडी येत नाही. दर दहा पावलांवर तो थांबायचा.

"मारायला आलीस व्हय मला?"

"जगवायला. चल."

विहिरीच्या कठड्याला टेकून तो म्हणाला, "हितं पायी येऊन किती वर्सं झाली, सांगता बी येत न्हाई." मीही शेजारी टेकले. मलाच धाप लागली होती. लिफ्ट, गाडी, सोफा. माझं तरी काय वेगळं?

घरी परतून चार दिवस झाले, चैन नव्हतं. शेवटी मीच फोन लावला.

"गेले होते विहिरीवर," वहिनी हसत म्हणाली. "बांधापर्यंत शेजाऱ्याच्या गाडीवर, पुढं पायी."

मागून दत्तूचा आवाज आला, "आक्काला सांग, उद्या मारुतीपाशीच उतरनार हाय."

मारुतीचं देऊळ बांधाच्या अलीकडे आहे, दोनशे पावलांवर. एवढ्याने गुडघा सुधारणार नाही, ऑपरेशनही लवकर होणार नाही, हे मला कळतं. पण ती दोनशे पावलं त्याने स्वतःहून मागून घेतली होती.