उत्पन्नाचा रकाना

भंडाऱ्याच्या ज्या छापखान्यात मी मजकूर जुळवते, तिथल्या मालकांना एक नवं मासिक काढायला मी जवळजवळ तयार केलं होतं. गाण्यांचं मासिक. लग्नाच्या वरातीत, मंडईत, टेम्पोत, मोबाईलवर आज जी गाणी वाजतात त्यांचं. ती कोण गातं, कोण बनवतं, त्यांचे शब्द काय, असं सगळं. मालक म्हणाले, "छापतो. पण वाचणार कोण, ते सोमवारी सांग. 'सगळे' असं म्हणायचं असेल तर येऊच नको."

मग मी एक फॉर्म तयार केला. नाव, वय, शिक्षण, घरात टीव्ही-मोबाईल-स्पीकर यांपैकी काय आहे, कोणती गाणी आवडतात. आणि शेवटी, नको ती हुशारी करून, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न. मासिक विकत घ्यायची ऐपत कुणाची आहे ते कळावं, एवढाच हेतू होता. त्या एका रकान्यानं माझा घात केला.

आधी सानगडीच्या बाजारात गेले. माझी खात्री होती की आपला वाचक म्हणजे कॉलेजातली पोरं. त्यांनी फॉर्म हातात घेतला, त्याच्यासोबत सेल्फी काढली आणि परत दिला. "ताई, वाचते कोन आता?" एकानं विचारलं. सोमवारला दोन दिवस उरले होते. म्हणून मी करडीला मामीकडे गेले.

मामी गावातल्या बचत गटाची अध्यक्ष. ती सांगेल ते बायका ऐकतात, कारण आजवर तिनं कुणाला उगाच चकरा मारायला लावल्या नाहीत. मी म्हटलं, "मामी, थोडे फॉर्म भरून हवेत." तिनं फॉर्मातला उत्पन्नाचा रकाना बघितला आणि कशाचे ते विचारलंसुद्धा नाही. घरोघरी निरोप गेला, भाची फारम घेऊन आली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीची सपरी, म्हणजे घरापुढची पडवी, बायकांनी भरली. धानाच्या रोवणीचे दिवस, एकेक हात मोलाचा, तरी त्या आल्या. प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत आधार कार्डाची झेरॉक्स, पासबुक, रेशन कार्ड.

मला तेव्हाच समजलं. खोटं कशाला सांगू, पहिली झेरॉक्स हातात पडली तेव्हाच समजलं की ह्या बायका सरकारी योजनेच्या फॉर्मासाठी आल्या आहेत. पण फॉर्म भराभर भरत होते. मी ती झेरॉक्स घेतली, फॉर्माला टाचणीनं टोचली आणि म्हटलं, "पुढच्या या."

उत्तरंही तशीच येत होती. मोबाईल? नाही. टीव्ही? बिघडला. स्पीकर? नाही व बाई, आमच्याकडे कायचा स्पीकर. घरात काही आहे म्हटलं की योजनेतून नाव कटतं, हे गावात लहान पोरालाही ठाऊक आहे. गाणी कोणती आवडतात? भजन. पुढची? भजन. एक बाई मोबाईल नाही असं सांगत असतानाच तिच्या कमरेच्या पिशवीत धडाधड डीजेचं गाणं वाजलं. तिनं वरूनच ते दाबलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी 'नाही' असंच लिहिलं.

दुपारपर्यंत माझ्यापुढे गठ्ठा जमला होता आणि त्या गठ्ठ्याप्रमाणे करडीत कुणी गाणंच ऐकत नव्हतं. तेवढ्यात एक म्हातारी बाई धानाच्या बांधीतून थेट आली. पोटऱ्यांपर्यंत चिखल. आजची मजुरी सोडून आले, असं ती मामीला सांगत होती. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "पोरी, पैसे खात्यातच येतीन ना?"

मामी हसून माझ्याकडे बघत होती, मी हो म्हणेन या भरवशावर.

हो म्हटलं असतं तर मी संध्याकाळच्या बसनं निघून गेले असते आणि पुढे वर्षभर बायका मामीच्या दारात येऊन विचारत राहिल्या असत्या. मी पेन खाली ठेवलं. "आजी, ही योजना नाही. आम्ही गाण्यांचं एक पुस्तक काढतोय. ते कोण वाचेल, एवढंच विचारायचं होतं."

मागून एक आवाज आला, "मंग आधार कायले घेतलीस?"

मामीचा चेहरा उतरला. तिनं गठ्ठा माझ्यापुढून ओढला, टाचण्या काढल्या आणि एकेकीला तिची झेरॉक्स परत द्यायला लागली. "माही चूक हाय," ती प्रत्येकीला म्हणत होती. "म्याच बोलावली तुमाले." एकदाही तिनं माझं नाव घेतलं नाही. मला लाज वाटली, इतकी की मान वर करवेना.

बायका गेल्या. थोड्या वेळानं मामीच्या घरामागच्या बांधीतून गाणं ऐकू आलं. शेताच्या धुऱ्यावर स्पीकर ठेवला होता आणि सगळ्या वाकून धानाचे पऱ्हे लावत होत्या. गाणं या हंगामातलंच, वरातीत वाजतं ते. एका ओळीवर त्या अडकल्या. शब्द नीट कळेना म्हणून दोघींची जुंपली आणि त्यांनी गाणं मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तीच ओळ, पुन्हा भांडण.

मी ताडकन उठले. "मामी, ह्याच! ह्यांनाच शब्द हवे आहेत. चल, बांधीत जाऊन विचारू."

मामी भांडी घासत होती. ती मान वर न करता म्हणाली, "जाशीन तं जा. पन आता तुले कोनी खरं नाही सांगनार."

मी गेले नाही.

संध्याकाळी ती मला बसपर्यंत सोडायला आली. रोवणीवरून परतणाऱ्या बायका फाट्यावर उभ्या होत्या, सकाळच्याच. आमच्याकडे भाची घरून निघाली की मामा-मामी तिच्या पाया पडतात. भाचीचा मान मोठा. मी पाय मागे घेतले. "नको मामी, आज नको."

"काहून? भाची नाहीस का माही?" असं म्हणून ती सगळ्यांसमोर वाकली आणि माझ्या पाया पडली.