सरासरीतला वांटो

मी आज जिथे आहे तिथे मला आणलं ते माझ्या थोरल्या बहिणीने. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. डिचोलीतल्या खाणी बंद पडल्या आणि वडिलांचा खनिजाचा ट्रक दारात गंजू लागला, तेव्हा मी दहावीत होतो. ताईने कुणाला न विचारता औद्योगिक वसाहतीत विजेचे स्विच जोडायचं काम धरलं. कंत्राटदार शनिवारी आठवड्याची मजुरी द्यायचा. त्यातून माझं कॉलेज झालं. तिचं लग्न मात्र राहून गेलं.

म्हापशाच्या वसतिगृहातून मी तिला पत्रं लिहायचो. फोन होता, पण तिला पत्रच हवं असे, कारण जेवणाच्या सुट्टीत ती ते सोबतच्या बायकांना वाचून दाखवायची. तिला वाचायला सोपं जावं म्हणून मी मोठ्या अक्षरात लिहायचो. मी गावी गेलो की त्या मला रस्त्यात गाठायच्या. "काय रे बाब, तुमच्या मेसच्या डाळींत आतां तरी डाळ मेळटा?"

मजुरी जोडलेल्या स्विचांवर मिळे. प्रत्येकीपुढे एक क्रेट. पण त्या बायकांची एक रीत होती. एखादी आजारी असली, पोटुशी असली किंवा तिची बोटं चालेनाशी झाली, की पाणी प्यायला उठणारी बाई जाता जाता आपले मूठभर स्विच तिच्या क्रेटमध्ये टाकायची. याला त्या 'वांटो' म्हणत. त्यामुळे शनिवारी कुणाचंच पाकीट फार पातळ नसे. ताईने वर्षानुवर्षं असा वांटो दिला. पुढे स्प्रिंग दाबून दाबून तिच्या अंगठ्यांचे सांधे सुजले, आणि वांटो तिच्या क्रेटमध्ये पडू लागला.

मग कारखान्याने प्रत्येकीच्या टेबलावर मोजणीचं यंत्र बसवलं. स्विच जोडला की तिथल्या तिथे नोंद. दुसरीला द्यायला मुठीत काही उरलंच नाही. थोड्याच दिवसांत कंत्राटदाराने ताईला आणि तिच्यासारख्या आणखी काहीजणींना सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं.

मी पणजीत ज्या कार्यालयात नोकरी करतो, तिथे कारखान्यांतल्या कामगारांची आठवड्याची सरासरी कमाई काढतात. बाजार कसा चाललाय, लोकांच्या हाती काय खेळतंय, हे त्यावरून ओळखतात. त्या वेळी आमच्या तालुक्याचा आकडा वर गेला. कमी कमावणाऱ्या बायका यादीतून गेल्या होत्या, म्हणून उरलेल्यांची सरासरी आपोआप चढली. कुणी काही खोटं लिहिलं नव्हतं. आकड्याशेजारी किती बायका कामावरून गेल्या याची एक ओळ घालूया, असं मी साहेबांना सुचवलं. साहेब भले आहेत. त्यांनी समजावून सांगितलं की माणसांची संख्या वेगळ्या तक्त्यात जाते आणि तो तक्ता नंतर निघतो. आकडा 'चांगलं लक्षण' म्हणून पुढे गेला.

रविवारी घरी गेलो. ताई आडोळीवर नारळ खवायला बसली होती. कवड हातातून सारखी निसटत होती. मी सगळं सांगितलं. तिने मान वर केली नाही. 

"मागीर आमी खंय आसांव त्या कागदार?"

पणजीला परतल्यावर मी तिला पत्र लिहिलं, ते असं:

ताई,

तू विचारलंस, त्या कागदावर तुम्ही कुठे आहात. तुम्ही त्यावर नाही. पुढच्या तक्त्यात संख्या कमी झालेली दिसेल, पण कोण गेलं ते तिथेही दिसणार नाही. मी पुष्कळ शोधलं. तुम्हाला लिहायची जागा आमच्याकडे नाही.

तू मला शिकवलंस ते याच कामासाठी का, असं वाटून हात थांबतो. पण काम सोडता येत नाही, कारण आता घरात एवढीच कमाई आहे. मी पाठवतो ते तू डब्यात ठेवून देतेस, असं आई सांगते. तसं करू नकोस. डॉक्टरांना अंगठे दाखव. पूर्वीसारखे होणार नाहीत हे मलाही कळतं, तरी दाखव.

हे पत्र तू आता कुणाला वाचून दाखवशील, मला माहीत नाही. सवयीने मोठ्या अक्षरात लिहिलं आहे.

तुझा धाकटा