नॅन्सी साळवेचं चाक

शिरूरच्या नॅन्सी साळवेनं कारेगावच्या कारखान्यातली नोकरी सोडली ती पर्मनंटची ऑर्डर हातात पडायच्याच आठवड्यात. सहा वर्षं ती मिक्सरच्या मोटारी तपासत होती. आता तिला स्टुडिओ पॉटर व्हायचं होतं. वडील डेव्हिड यांनी एवढंच विचारलं, "रविवारी चर्चमध्ये लोकांना काय सांगू?"

"कुंभारीण झाली म्हणून सांगा."

"त्येच तर सांगवत न्हाई."

त्याआधी तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी ती कवठे येमाईला जालिंदर आबा कुंभारांकडं जात होती. आबांनी तिला नाही म्हटलं नाही, कारण शिकणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्यांची शिकवण्याची पद्धत म्हणजे न बोलणं. मडकं चुकलं की ते मुकाट्यानं परत चिखलात घालत. पहिल्या वर्षी नॅन्सीनं घरी एक पणतीही नेली नाही. तिसऱ्या वर्षी आबांनी तिच्या सुरईची मान अंगठ्यानं चाचपली आणि "हं" म्हणाले. पदवीदान झालं.

मग खुटबावला, उसाच्या शेतांमधल्या स्टुडिओत, परीक्षा होती. दोन वर्षांच्या शिक्षणासाठी जागा एक, उमेदवार नऊ. विजेच्या चाकावर वीस मिनिटांत एक वाडगा करायचा.

नॅन्सीनं पेडल दाबलं, मातीच्या गोळ्यावर हात ठेवले आणि गोळा स्टुडिओ चालवणाऱ्या अपेक्षा मॅडमच्या पायाशी जाऊन पडला. दुसराही तिकडंच गेला. पुण्याच्या दोन उमेदवार मुली इंग्रजीत हसल्या.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं की हे चाक उलटं फिरतंय. खरं तर चाक सुलटंच होतं. आबा डावखुरे, दांडक्यानं चाक फिरवताना ते त्याला जी दिशा देत तीच नॅन्सीच्या हातात बसली होती. ताडून बघायला गावात दुसरं चाक नव्हतं.

"राहू दे," मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वर्षी ये."

नॅन्सी उठली आणि दाराकडं न जाता चाकाखाली शिरली. "मॅडम, ह्याला फॉरवर्ड-रिव्हर्सचं बटण असणार."

"असं काही नसतं गं त्याला." मॅडमनी ते चाक नऊ वर्षं वापरलं होतं.

मोटारीच्या मागं वाळलेल्या मातीचा जाड पोपडा होता. नॅन्सीनं तो नखानं खरवडला. खाली बटण निघालं. तिनं ते दाबलं, चाक आबांच्या दिशेनं फिरू लागलं.

सात मिनिटं उरली होती. तिनं चार मिनिटांत वाडगा उठवला. मॅडमनी तारेनं तो उभा कापला. तळापासून काठापर्यंत भिंत एकसारखी. दोन्ही अर्धे भाग त्यांनी उजेडात धरून पाहिले. मग म्हणाल्या, "सोमवारपासून ये. आणि ते बटण आम्हाला नीट दाखवून ठेव."

संध्याकाळी नॅन्सीनं आबांना फोन केला. जागा मिळाल्याचं सांगितलं, आणि चाकाचंही. "सगळ्यांचं तुमच्या उलटं फिरतं, आबा."

"समद्यांचं?"

"व्हय."

"एवढी माणसं चुकत्यात," आबा म्हणाले, "आन् आजवर कुणीच कसं बोललं न्हाई?"