दाराची काटी

दिवाळी झाली की आमची वस्ती रिकामी व्हायची. ट्रक यायचा. त्यात भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि आम्ही पोरं चढायचो आणि दूर पश्चिमेकडं ऊस तोडायला निघायचो. कुलूप लावावं असं दार कुणाच्याच घराला नव्हतं. बाबा बाभळीची मोठी काटी, म्हणजे काटेरी फांदी, ओढत आणायचे आणि दारात आडवी लावायचे. ज्यानं काटी लावली त्यानंच ती काढायची, दुसऱ्यानं न विचारता हात लावला तर तो घरफोड्या, हा आमच्याकडचा कायदा. सहा महिने माझी शाळा त्या काटीमागं बंद राहायची आणि परत आल्यावर पाढे पुन्हा पहिल्यापासून.

आमची वस्ती शिरपूर जैनच्या अलीकडं, टेकडीच्या पायथ्याशी. फार जुनी नाही. टेकडीखाली पाझर तलाव खोदायला आजोबांच्या काळात मजूर आले. तलाव झाला, मुकादम गेला, झोपड्या राहिल्या. त्याआधी इथं सीताफळाची झुडपं, पळस आणि मोर एवढंच होतं. मोर अजूनही आपणच मूळ मालक असल्यासारखे अंगणातून फिरतात. सीताफळं पिकली की माय टोपलं घेऊन शिरपूरच्या मंदिराच्या रस्त्याला बसायची. यात्रेकरू विचारायचे, "कुठली हो ही?" माय हात करून टेकडी दाखवायची. गावाला नाव नव्हतं, पण फळ गोड होतं.

मी दहावीला गेले तशी माय अडून बसली. "पोरगी आता उसाच्या फडात येत नाही, अन् मीबी नाही," म्हणाली. बाबा एकटे जाऊ लागले. बारावीपर्यंत मी शिरपूरला पायी गेले. पुढचं कॉलेज वाशिमला. बस आमच्या समोरूनच जायची, पण थांबायची नाही, आणि शिरपूरहून ती सुटायची पहाटे. बाबांनी सांगून टाकलं, "मोटार वस्तीवर थांबली त शीक. अंधारात टेकडीच्या रस्त्यानं पोरगी पाठवणार नाही. नाहीतर माह्यासंग कोयता धर."

वस्तीनं थांब्यासाठी अर्ज केला आणि नेहमीसारखी सगळी ऊस तोडायला गेली. त्या हिवाळ्यात, मी बारावीत असताना, एसटीचे एक साहेब पाहणीला आले. माय आणि मी नेमक्या शिरपूरला होतो, आणि निघताना मायनंही सवयीनं दारात काटी टाकली होती. साहेब दारोदार काट्या बघत गेले आणि परतले. रस्त्यात त्यांना बांगड्यावाले चाचा भेटले. चाचा शिरपूरचे, दर आठवड्याला सायकलवर पेटी बांधून आमच्याकडं यायचे. त्यांनीच येऊन सांगितलं, "भाभी, साहब म्हणे गाव उजाड हाय. उजाड गावाले मोटार कायले?"

दुसऱ्या दिवशी माय उठून तालुक्याला, मालेगावला गेली, साहेबांना गाठलं. "गाव जितं हाय साहेब. एकदा पुन्हा या." ते म्हणाले, सोमवारी येतो.

आता काट्या काढायच्या कशा? परवानगीशिवाय हात लावायचा नाही. मायनं माझ्या हातात मोबाइल दिला. "लाव एकेकाले." मी लावत गेले, माय बोलत गेली.

"काहून वो, माह्या घरात का सोनं पाहाले चालली?" शेजारची काकू उसातून ओरडली.

"तुह्या घरातलं सोनं मले ठाऊक हाय. झाडू तरी हाय का?"

"काढ बाई, काढ. पण चूल फुटली हाय, कोणाले दाखवू नको!"

बाबांना आमच्याच दारासाठी विचारायची गरज नव्हती, पण मायनं त्यांनाही लावला. पलीकडं उसाचा सळसळाट. बाबा म्हणाले, "काढ. अन् सडा टाक."

रविवारभर आम्ही दोघी दारं उघडत होतो. हात रक्ताळले. चाचा आले, पेटी बाजूला ठेवून तेही काट्या ओढायला लागले. प्रत्येक अंगणात सडा, प्रत्येक उंबऱ्यावर रांगोळी. चूल मात्र आम्ही आमचीच पेटवली. मायचं म्हणणं, "घरं दाखवाची, सोंग नाही करायचं."

साहेब आले. उघड्या दारांतून आत बघत शेवटापर्यंत चालत गेले. "लोक कुठं आहेत?"

"ऊस तोडाले गेले, साहेब. खोटं कायले बोलू? पण घरं त्यांचीच हाय अन् ते येतातच. अन् हे पोरगी इथंच हाय. हिले वाशिमले जा लागते."

चाचा मागून म्हणाले, "साहब, गाव उजाड राहतं त मी बांगड्या कोणाले भरल्या असत्या? मोराले?"

साहेब हसले. रांगोळी पाय चुकवून ओलांडत गाडीकडं गेले. जाताना मला विचारलं, "काय शिकणार?"

"बी.ए.," मी म्हणाले. दुसरं काही येतच नव्हतं तोंडात.

जूनमध्ये बस थांबली. पहिल्या दिवशी बाबा स्वतः रस्त्यावर हात आडवा करून उभे होते. ड्रायव्हर म्हणाला, "अहो बाबा, बाजूला व्हा, थांबतो ना मी!" पुढच्या दिवाळीला काही घरांतल्या म्हाताऱ्या आणि पोरं ट्रकमध्ये चढलीच नाहीत, बस होती, शाळा गाठता येत होती. आता शिरपूरचे लोक सकाळी तलावापर्यंत फिरायला येतात, दोन मास्तरांनी इथं घरं बांधलीत, आणि सीताफळं मायच्या अंगणातूनच विकली जातात.

त्या बसनं वाशिमला जाऊन मी बी.ए. झाले. आमच्या घरातली आणि टेकडीखालच्या वस्तीतली पहिली.